मागे सरणारा मार्गदर्शक

नर्मदाकाठच्या धरमपुरीला परिक्रमावासी नवे नाहीत. कोणी वाट विचारली तर आपण ती दाखवतो, जमल्यास शिधा देतो आणि आपल्या कामाला लागतो. परिक्रमा ज्याची त्यालाच करावी लागते. ख्रिस्ती परंपरेतील आध्यात्मिक मार्गदर्शन हे बरेचसे असेच आहे. आपल्याकडे 'गुरू' म्हटले की अनुग्रह, मंत्र आणि आज्ञा ओघाने येतात. तिथला मार्गदर्शक मात्र मुख्यतः ऐकणारा असतो.

ही रीत घडवली सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांनी. त्यांचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ १५४८ साली छापला गेला. गंमत अशी की तो साधकाने वाचण्यापेक्षा साधना देणाऱ्याने हाताशी ठेवण्याचा आहे. साधक सुमारे तीस दिवस मौनात राहतो आणि प्रार्थनेत काय घडले ते मार्गदर्शकाला सांगतो. मन कुठे निवले, कुठे कोरडे पडले, एवढेच तो विचारतो. साधकाने संन्यास घ्यावा की संसार करावा, याविषयी त्याने ताजव्याचा काटा कोणत्याही बाजूला झुकवायचा नाही. ईश्वर आणि साधक यांच्यात त्याने उभे राहायचे नाही.

मराठी मुलुखात या विद्येला नवे वळण दिले फादर अँथनी डिमेलो यांनी. १९३१ साली मुंबईत जन्मलेले हे इग्नेशियसच्याच संघाचे धर्मगुरू. त्यांनी पुण्यात सुरू केलेली 'साधना' संस्था पुढे लोणावळ्याला गेली. पुढे इतरांना मार्गदर्शन करू पाहणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी तिथे शिकायला येत. त्यांच्या १९७८ च्या 'साधना' या पुस्तकातला पहिला पाठ अगदी साधा आहे: दहा मिनिटे डोळे मिटून गप्प बसा आणि काय होते ते पाहा. मन गप्प बसत नाही, हे कळले तरी पाठ झाला! मग देहातील संवेदना, श्वास, त्यानंतर शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे आणणे आणि शेवटी भक्ती. प्रार्थना कोरडी होते ती माणूस डोक्यातच अडकून राहतो म्हणून, असे त्यांचे निदान होते. श्वासाच्या पाठांचे बौद्ध ध्यानाशी असलेले नाते त्यांनी लपवले नाही.

(रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. ही ओढ जुनीच आहे.)

डिमेलो १९८७ साली वारले. १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या उत्तरकालीन लेखनावर आक्षेप घेतला: त्यात येशू अनेक गुरूंपैकी एक होऊन बसतो. हा आक्षेप संकुचित म्हणून उडवून लावू नये. वाट दाखवणारा बाजूला सरला तरी मुक्काम कोणता, हे परंपरेला सांगावेच लागते. तरीही लोणावळ्याच्या शिक्षणाचा गाभा मला मोलाचा वाटतो. इतरांचे ऐकायला बसण्याआधी तिथे येणाऱ्याला स्वतःचे मन सोबत्यांपुढे उघडावे लागे, आणि पुष्कळांना तेच सर्वांत जड जाई.