जपानसाठी एक गाणं जास्त

जर्मन हेवी मेटल आणि जपान यांचं नातं समजून घ्यायचं, तर 'टोकियो टेप्स' हा अल्बम आधी ऐकावा. हॅनोव्हरच्या स्कॉर्पियन्सने एप्रिल 1978मध्ये टोकियोच्या नाकानो सन प्लाझात तो प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केला. गिटारवादक उली जॉन रोथचं बँड सोडायचं ठरलं होतं. हा दौरा तेवढा पुरा करून तो बाहेर पडला. त्याचं वादन या अल्बमचा कणा आहे. पण मी पुन्हा पुन्हा ऐकतो ते 'कोजो नो त्सुकी'. क्लाउस माइनेने हे गाणं जपानीतच गायलंय.

पडक्या किल्ल्यावरच्या चंद्राचं हे गाणं. बान्सुई दोईच्या कवितेला रेन्तारो ताकीने दिलेली चाल 1901मध्ये शालेय गीतसंग्रहात आली. त्याच वर्षी ताकी संगीत शिकायला जर्मनीत, लाइपझिगला गेला. तिथे आजारी पडून परतला आणि 1903मध्ये, अवघ्या 23व्या वर्षी वारला. त्याचं गाणं पाऊण शतकानंतर जर्मन बँडने त्याच्याच देशात गावं, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

पुढे परदेशी अल्बमच्या जपानी आवृत्तीत एखादं जादा गाणं घालायचा रिवाजच पडला. त्यामागे बाजाराचं गणित होतं. जपानच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात 1953मध्ये दुरुस्ती झाली आणि पुस्तकं, वृत्तपत्रं, रेकॉर्ड यांची विक्रीची किंमत ठरवून द्यायची मुभा प्रकाशकांना मिळाली. सीडीलाही तोच नियम लागला. देशात छापलेली सीडी साधारण अडीच हजार येनची, आणि दुकानदाराला त्यात सूट देता येत नसे. आयात सीडीवर हे बंधन नव्हतं, त्यामुळे तोच अल्बम पलीकडच्या खणात स्वस्तात मिळे. गिऱ्हाइकाने महागडी प्रत घ्यावी म्हणून जपानी कंपन्या बँडकडे जादा गाणं मागू लागल्या. हॅम्बुर्गच्या हॅलोवीन आणि गामा रे यांनी ते भरभरून दिलं.

गाण्याखेरीज त्या प्रतीत आणखीही बरंच असतं. डब्याच्या डाव्या कडेला गुंडाळलेली कागदी पट्टी, म्हणजे ओबी: तिच्यावर जपानीत अल्बमचं नाव, किंमत, थोडी जाहिरात. ती फाटली वा हरवली की जुन्या बाजारात सीडीचा भाव पडतो. आत पुस्तिका: गीतांचे जपानी अनुवाद आणि तिथल्या समीक्षकाचं बँडवरचं टिपण. कायद्याने महाग केलेली वस्तू त्या कंपन्यांतल्या माणसांनी इतक्या निगुतीने सजवली, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

भुर्दंड पडला तो जर्मन चाहत्यांना. आपल्याच गावच्या बँडचं एक गाणं ऐकायला त्यांना टोकियोहून सीडी मागवावी लागे, तीही आयातीचा भाव मोजून. पुढे अशी विखुरलेली गाणी नव्या आवृत्त्यांत आणि संग्रहांत येऊ लागली. हॅलोवीनच्या 2002च्या 'ट्रेझर चेस्ट'च्या मर्यादित आवृत्तीत तर दुर्मिळ गाण्यांची वेगळी तबकडीच होती. गाणी अशी परत मिळतात. ती जपानी पुस्तिका मात्र संग्रहात येत नाही. तिच्यासाठी आजही जुनी प्रतच शोधावी लागते.