काम आणून देणाऱ्याचे पैसे

जुलैत विवरणपत्रांचा हंगाम ऐन भरात असतो. टेबलावर बँकेची स्टेटमेंट पसरायची, पेन्सिलीने खुणा करायच्या आणि समोरच्याला एकेक ओळ विचारत जायचं, हे आम्हा करसल्लागारांचं रोजचं काम. ऑफिसचं भाडं, लॅपटॉपचा हप्ता, मदतनिसाचा पगार, सॉफ्टवेअरची वर्गणी. याची उत्तरं भराभर येतात. मग एखादी यूपीआयची ओळ लागते. पंधरा हजार रुपये, कुणा माणसाचं नाव आणि शेऱ्यात फक्त ‘थँक्यू’.

“हे कोण?”

“ते असंच. एकाने काम दिलं होतं.”

एवढं बोलताना आवाज खाली येतो. माझ्यासमोर बसलेली ही ताई इंटिरियर डिझायनर, पुण्यात स्वतंत्रपणे काम करणारी. ज्या पेंटरला तिने पैसे दिले, त्याने तिला बाणेरच्या एका फ्लॅटचं काम मिळवून दिलं होतं. नवा फ्लॅट घेणाऱ्यांची गाठ सर्वांत आधी पडते ती पेंटरशी, सुताराशी, सोसायटीच्या मॅनेजरशी, नाहीतर फ्लॅटच्या एजंटशी. ‘कुणी चांगला डिझायनर आहे का हो?’ हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो. त्यांनी नंबर दिला, काम झालं, फी आली, की त्यातले पाच टक्के, सात टक्के त्यांना पोचते करायचे, असा धंद्यातला रिवाज आहे. कुणी त्याला कमिशन म्हणतं, कुणी रेफरल, कुणी नुसतं ‘त्याचे पैसे’. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या माणसाची हीच जाहिरात.

यात लपवण्यासारखं काहीही नाही, हे मला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ३७(१) साधं आहे: खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा, वैयक्तिक नसावा, भांडवली नसावा आणि कायद्याने मनाई केलेल्या गोष्टीसाठी नसावा. काम मिळवून देणाऱ्याला दिलेलं कमिशन या कसोटीला सरळ उतरतं. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण २०२५-२६ पर्यंतचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो.) अडचण कायद्याची नसते, कागदाची असते. ‘थँक्यू’ लिहिलेली ओळ अधिकाऱ्याला दाखवली तर तो विचारणारच, की हे कमिशन कशावरून? मित्राला दिलेले उसने पैसे नाहीत कशावरून?

म्हणून मी तिला फोन उघडायला सांगितला. पेंटरशी झालेला व्हॉट्सअ‍ॅप संवाद खाली खाली जात आम्ही वाचला. मार्च महिन्यात त्याचा मेसेज होता: ‘ताई, बाणेरला थ्री बीएचके आहे, पार्टीला नंबर दिलाय तुमचा.’ दुसऱ्या दिवशी त्या ग्राहकाचा पहिला मेसेज. दोन आठवड्यांनी तिचं कोटेशन, मग ग्राहकाकडून आलेला पहिला हप्ता आणि त्यानंतर चार दिवसांनी पेंटरला गेलेले पंधरा हजार. तारखा एकापाठोपाठ एक जुळत गेल्या. पुरावा फोनमध्ये पडूनच होता, तो फक्त काढून एका फाइलीत ठेवायचा होता. त्याच्या जोडीला एका पानाची पावती केली: घेणाऱ्याचं नाव, पत्ता, पॅन, कोणत्या ग्राहकाचं काम, किती फी ठरली, त्यावर किती टक्के, पैसे कधी आणि कसे दिले, खाली सही. ही पावती पैसे देतानाच करावी. वर्ष उलटल्यावर सह्या मागत फिरणं फार त्रासाचं होतं.

पैसे खात्यातूनच द्यावेत, यावर मी हट्टी आहे. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त खर्च रोखीने दिला, तर कलम ४०अ(३) खाली तो खर्च धरलाच जात नाही, मग तो कितीही खरा असो. पाकिटातून दिलेले पंधरा हजार हिशेबाच्या दृष्टीने गेले ते गेलेच. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला कमिशन दिलं असेल, तर बाजारात चालतं तेवढंच द्यावं. त्याहून जास्तीची रक्कम अधिकारी नाकारू शकतो.

आता खरा पेच. इंटिरियर डिझायनर, वकील, आर्किटेक्ट, डॉक्टर, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीए उपलब्ध आहे. वर्षाची जमा पन्नास लाखांच्या आत असेल (रोख जमा पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर पंचाहत्तर लाखांच्या आत), तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि मोकळं व्हायचं. उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आले असं धरतात. भाडं त्यात, पगार त्यात, कमिशनही त्यातच. निम्मं दाखवून वर पुन्हा कमिशन वजा करता येत नाही. हे ऐकल्यावर बरेच जण खट्टू होतात.

ताईचे आकडे असे होते. वर्षाची फी तीस लाख. निम्म्याच्या वाटेने उत्पन्न पंधरा लाख, आणि २०२५-२६ च्या नव्या कररचनेत त्यावर कर १,०९,२०० रुपये, सेस धरून. प्रत्यक्ष खर्च लिहून काढला तर कमिशनशिवायचा खर्च भरला चौदा लाख साठ हजार. म्हणजे निम्म्यापेक्षा कमी. तिथेच विषय संपला असता. पण वर्षभरात काम आणणाऱ्या सगळ्यांना मिळून तिने दोन लाख वीस हजार दिले होते. ते धरले की खर्च सोळा लाख ऐंशी हजार, उत्पन्न तेरा लाख वीस हजार आणि कर ८१,१२०. फरक २८,०८० रुपयांचा. पण निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवायचं, तर कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिटची फी आणि वह्या लिहिणाऱ्याचे पैसे काढले की हातात फारसं उरत नव्हतं. या वर्षी निम्म्याचीच वाट घ्यावी, असं मी सांगितलं. पावत्या मात्र ठेवायला लावल्या, कारण तिचा धंदा वाढतो आहे आणि पुढल्या वर्षी गणित उलटं होऊ शकतं.

टीडीएसचा प्रश्न तिला अजून लागू नव्हता. आधीच्या वर्षाची व्यावसायिक जमा पन्नास लाखांवर गेली, की कमिशन देताना कर कापणं बंधनकारक होतं. हा दर कलम १९४एच खाली १ ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला, आणि एका माणसाला वर्षभरात वीस हजारांहून जास्त दिले तरच कापायचा, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे. समोरच्याने पॅन दिलं नाही तर दोनाऐवजी वीस टक्के कापावे लागतात. आणि कापायलाच विसरलं, तर त्या खर्चाचा तीस टक्के भाग वजावटीतून बाद होतो.

हे सगळं लागू होतं ते सरळ कमिशनला. डॉक्टरांचा ‘कट’ त्यात बसत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणं-घेणं वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेतच निषिद्ध आहे, म्हणून तो खर्च कोणत्याही नावाने लिहिला तरी चालत नाही. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. सरकारी कार्यालयाचं काम मिळावं म्हणून तिथल्या कुणाला दिलेले पैसे तर सरळ लाच, त्याला कमिशन म्हणायची सोय नाही.

ताईच्या धंद्यात याचीच दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त खुपते. प्लायवूडचा, टाइल्सचा दुकानदार डिझायनरलाही टक्के देतो. कधी रोख, कधी परदेशची सहल. वर्षाला वीस हजारांहून जास्त किमतीचा असा लाभ दिला, तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा, हे कलम १९४आर जुलै २०२२ पासून लागू आहे. घेणाऱ्यासाठी ते उत्पन्न आहे. पण ज्या ग्राहकाच्या बिलात ते टक्के मिसळलेले असतात, त्याला बहुतेक वेळा काही माहीत नसतं. पेंटरला दिलेलं कमिशन तिच्या स्वतःच्या फीमधून जातं, दुकानदाराचं ग्राहकाच्या खिशातून. मी तिला म्हटलं, दुकानाकडून घेणार असशील तर ग्राहकाला आधी सांग आणि उत्पन्नातही दाखव. तिने त्या वर्षीच्या दोन रकमा तिथल्या तिथे काढून दिल्या.

पावतीवर सही करायला तो पेंटर स्वतः ऑफिसात आला. सुरुवातीला जरा घाबरलेला होता. पॅनचा नंबर दिला की कर लागणार, अशी त्याची समजूत. त्याचं रंगकामाचं उत्पन्न आणि हे कमिशन मिळून बेरीज बारा लाखांच्या पुष्कळ खाली होती, त्यामुळे नव्या रचनेत कर शून्य. मग तोच म्हणाला, “साहेब, गावाकडे घर बांधायचंय. बँकवाले विवरणपत्र मागतात, माझ्याकडे एकही नाही.” बँका साधारणपणे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं बघतात. रंगकामाची जमा एका रकान्यात आणि कमिशन वेगळं दाखवून त्याचं पहिलं विवरणपत्र आम्ही त्याच दुपारी भरलं.