फुकटचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर शोधताय? आधी डिस्क कोणती ते बघा

घरच्या कॉम्प्युटरवर बिलिंग करताय आणि फाइल उघडायला वेळ लागतोय? लगेच काही डाउनलोड करू नका. आधी विंडोजच्या सर्चमध्ये 'डीफ्रॅग' टाका. जी खिडकी उघडेल, तिथे 'मीडिया टाइप'खाली तुमची डिस्क कोणती ते दिसेल.

हार्ड डिस्क असेल तर: एकाच ऑर्डरचा माल गोदामात पाच रॅकवर पडलाय असं समजा. काढायला वेळ लागणारच. डीफ्रॅग फाइलचे असे विखुरलेले तुकडे शेजारी आणून ठेवतं.

एसएसडी असेल तर: डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर नकोच. वेग वाढत नाही, उलट डिस्कची झीज होते. तिच्यासाठी विंडोज स्वतः 'ट्रिम' चालवतं.

विंडोज 10 आणि 11 मध्ये ही देखभाल मुळातच आठवड्याला आपोआप होते. त्यामुळे बहुतेकांना वेगळं काही लागत नाही. एखादीच मोठी फाइल नीट करायची असेल, तर डीफ्रॅग्लरसारखं फुकट टूल चालेल. फक्त तीन गोष्टी पाळा:

1. मूळ कंपनीच्या साइटवरूनच घ्या.
2. इन्स्टॉल करताना जादा सॉफ्टवेअरच्या टिक काढा.
3. आधी बिलांचा आणि उधारीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या.

आणि डिस्क खडखड वाजत असेल, तर डीफ्रॅग अजिबात करू नका. बॅकअप घ्या, डिस्क बदला. नवी डिस्क बाजारात मिळते, उडालेली उधारीची यादी मिळत नाही!