गवत कापण्याचे यंत्र का रुसते?

पाऊस ओसरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या आंब्या-काजूच्या बागांतून एक आवाज हमखास ऐकू येतो. भुंग्याच्या गुणगुणण्याला शंभरपट केले तर कसे वाटेल, तसा. हा आवाज असतो पेट्रोलवर चालणाऱ्या गवत कापण्याच्या यंत्राचा. गावात सगळे त्याला 'ग्रास कटर' म्हणतात. लांब दांडी, एका टोकाला लहानसे इंजिन आणि दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारे पाते किंवा नायलॉनची दोरी.

दोरीने गवत कसे कापले जाईल, असे तुम्हाला वाटेल. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात राहणाऱ्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली हीच कल्पना सुचली. मोटार धुण्याच्या यंत्रातील मऊ ब्रश वेगाने फिरताना ताठ होतात, हे त्यांनी पाहिले. मग एका रिकाम्या डब्याला मासे धरण्याची दोरी बांधून त्यांनी तो डबा फिरवला आणि गवत कापले गेले! दोरी मऊच असते, वेग मात्र तिला ताठ करतो.

पण आज आपण बोलणार आहोत ते हे यंत्र चालू होत नाही तेव्हाचे.

एका बागेतील सकाळ

आश्विनातली गोष्ट. माझ्या परिचयाच्या एका बागायतदारांच्या बागेत कमरेएवढे गवत माजले होते. ते वेळेवर कापले नाही, तर माघ-फाल्गुनात वाळून कोळ होते आणि कुठूनशी एक ठिणगी पडली की वणवा लागतो. वीस वर्षे जोपासलेली कलमे एका दुपारी होरपळून जातात. म्हणून गडी सकाळीच आला होता. यंत्र गेल्या मार्गशीर्षापासून पडवीत टांगलेले होते. त्यात थोडे पेट्रोलही शिल्लक होते.

गड्याने दोरी ओढली. एकदा, दहादा, तीसदा. यंत्र ढिम्म! मग कोणी म्हणाले, "प्लग गेला असेल." नवा प्लग बसवला, उपयोग झाला नाही. दुसऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरचे दोन्ही स्क्रू फिरवून पाहिले. त्यानेही काही झाले नाही. उलट, ते स्क्रू आधी कुठे होते हेच आता कोणाला आठवेना! एका दोषाच्या जागी दोन झाले.

येथे चूक काय झाली? त्या मंडळींनी उत्तर आधी ठरवले आणि प्रश्न नंतर विचारला. बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्याची रीत आणि प्रयोगशाळेत शोध घेण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. प्रथम यंत्र कसे चालते ते समजून घ्यायचे, मग त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा.

इंजिनाच्या तीन गरजा

या यंत्रातील इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे द्विधाव असते. इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास पुढे आणलेली रचनाच थोड्याफार फरकाने त्यात आहे. दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावरचे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी दट्ट्याच्या खालच्या पोकळीत दाब कमी होऊन नवे मिश्रण आत येते. ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. खाली येता येता तो जळालेल्या वायूला वाट मोकळी करून देतो आणि खालचे ताजे मिश्रण वर पाठवतो. हे मिश्रण खालच्या पोकळीतून जात असल्यामुळे तेथील भागांना वंगण पेट्रोलमधूनच मिळते. म्हणूनच त्यात 'टू-टी' तेल मिसळावे लागते. यंत्राच्या पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर; २५ ला १ असेल, तर ४० मिलिलिटर.

तेव्हा इंजिनाला तीन गोष्टी हव्यात: योग्य प्रमाणातील मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन सुरू व्हायलाच हवे. सुरू होत नसेल, तर या तिन्हींपैकी काहीतरी नाही. हजार शंकांच्या जागी आता तीनच उरल्या!

आधी सोप्या गोष्टी

पाना हातात घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहा. बटण 'बंद'कडे तर नाही ना? टाकीत पेट्रोल आहे ना? हवेची गाळणी धुळीने गच्च भरली नाही ना? चोक बरोबर जागी आहे ना? थंड इंजिन सुरू करताना चोक लावतात. त्यामुळे हवा कमी आणि पेट्रोल अधिक जाते. हसू नका, पुष्कळ यंत्रे दुरुस्तीच्या दुकानात केवळ बटणापायी पोचतात.

प्लग हा साक्षीदार

आता स्पार्क प्लग काढून पाहायचा. इथून पुढची कामे घरातील जाणत्या माणसाबरोबर किंवा शिक्षकांबरोबरच करा. इंजिन थंड हवे, जागा उघड्यावरची हवी आणि जवळपास विडी, काडी, चूल काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या आगीपर्यंत पोचू शकते.

प्लगचे टोक ओले आहे की कोरडे? या एका प्रश्नाने अर्धे रान साफ होते.

*प्लग ओला असेल,* तर पेट्रोल आत पोचले आहे, ते पेटत मात्र नाही. याची दोन कारणे संभवतात. एक तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झाले आहे. हे दुसरे कारण पुष्कळांना पटत नाही. पेट्रोल जास्त असेल, तर ते अधिकच पेटायला हवे ना? नाही. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ टक्क्यांहून कमी असेल तर ती पेटत नाही आणि सुमारे ७.६ टक्क्यांहून जास्त असेल तरीही पेटत नाही. जाळायला प्राणवायूच अपुरा पडतो. चोक लावून वीस-तीस वेळा दोरी ओढली, की नेमके हेच होते. अशा वेळी प्लग पुसून कोरडा करावा, बटण बंद ठेवून आणि चोक काढून चार-सहा वेळा दोरी ओढावी म्हणजे जादा पेट्रोल बाहेर पडते. मग थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

ठिणगी तपासायची असेल, तर सांडलेले पेट्रोल पुसून, टाकीचे झाकण घट्ट लावून, प्लग त्याच्या टोपणात बसवतात. त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवतात, पण प्लगच्या भोकापासून दूर. मग दोरी ओढली की निळसर ठिणगी दिसते. हे काम मोठ्यांनीच करावे; तुम्ही लांबून पाहा.

ही वीज येते कोठून? यंत्रात बॅटरी नसते. इंजिनाच्या जड चाकात चुंबक बसवलेले असते. चाक फिरताना ते तारेच्या वेटोळ्याजवळून झपकन जाते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युत्चुंबकीय प्रवर्तन ते हेच. चुंबक जितक्या वेगाने जाईल तितका विद्युतदाब जास्त. म्हणून दोरी हळूहळू ओढली तर ठिणगी पडत नाही. एका दमात झटका द्यावा लागतो.

आणखी एक मौज पाहा. साध्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला विजेला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. दाबलेल्या हवेत त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून बाहेर ठिणगी देणारा जुना प्लग सिलिंडरच्या आत मात्र दगा देऊ शकतो.

*प्लग कोरडा असेल,* तर पेट्रोल आत पोचतच नाही. मग प्लग कितीही वेळा बदला, काय उपयोग?

दाबाचे काय?

दाब तपासायला वेगळे उपकरण नसले तरी अंदाज येतो. प्लग घट्ट बसवून, बटण बंद ठेवून दोरी सावकाश ओढा. मध्येच हाताला अडल्यासारखे वाटते ना? तो दट्ट्याखालून येणारा नव्हे, दाबल्या जाणाऱ्या मिश्रणाचा विरोध. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी सुळकन आली, तर दट्ट्याच्या कड्या किंवा सिलिंडर झिजला असेल. ते काम मेकॅनिककडेच न्यावे.

आमच्या बागेतील उत्तर

आता बागेकडे परत जाऊ. प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत. जुन्या प्लगनेही ठिणगी चांगली पडत होती, म्हणजे नव्या प्लगचे पैसे वायाच गेले होते. दोरी ओढताना हाताला विरोध जाणवत होता. तेव्हा दोष इंधनाच्या वाटेवरच.

टाकीतले पेट्रोल काचेच्या बरणीत काढले. त्याला नेहमीचा झणझणीत वास नव्हता आणि तळाशी एक वेगळा, गढूळ थर दिसत होता. याचा उलगडा असा: पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला तेच हवे असतात. उरलेल्यांचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. शिवाय आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. चार महिने कोकणातला पाऊस, मग काय विचारता! पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते. नळीचे टोकही तळाशीच असते. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला येते ते पाणी. वंगण मात्र वरच्या थरात राहून जाते.

टाकी रिकामी करून ताजे मिश्रण भरले. तरी प्लग कोरडाच! निराश व्हायचे कारण नव्हते, कारण आणखी एक शंका कमी झाली होती. कार्ब्युरेटरजवळ एक पारदर्शक रबरी फुगा असतो. तो दाबून सोडला की आतला दाब कमी होतो आणि टाकीतील हवेचा दाब पेट्रोलला नळीतून वर ढकलतो. आम्ही फुगा दाबत राहिलो, पण त्यात पेट्रोलऐवजी नुसते बुडबुडे येत होते. बुडबुडे म्हणजे हवा, आणि हवा येते म्हणजे वाटेत कुठेतरी चीर आहे.

आणि ती सापडली! टाकीत शिरते तिथेच रबरी नळी कडक होऊन तडकली होती. तिच्या टोकाची गाळणीही राळेने बुजली होती. वीतभर नवी नळी आणि एक गाळणी, एवढ्यावर काम भागले. फुगा पेट्रोलने भरला. कार्ब्युरेटरचे स्क्रू मात्र दुकानात नेऊन पुन्हा बसवून घ्यावे लागले. फुकटच्या घाईची ती किंमत. दुपारी यंत्र गुणगुणू लागले आणि दिवाळीपूर्वी बाग साफ झाली.

चालू होऊन बंद पडते तेव्हा

काही वेळा यंत्र सुरू होते आणि पाच-दहा मिनिटांत गप्प होते. अशा वेळी टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र पाहावे. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल अडखळत येते. दुसरे भोक पाडले की धार लागते. टाकीचेही तसेच आहे. दुसरी जागा म्हणजे धूर बाहेर पडतो तेथील जाळी. ती काजळीने बुजली, तर जळालेला वायू बाहेर जात नाही. मग ताज्या मिश्रणाला जागा कुठून मिळणार?

रुसू नये म्हणून

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. हे उघड्यावरच करा. धुरातील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो. जुने पेट्रोल विहिरीजवळ, गटारात किंवा मातीत ओतू नका. गॅरेजमध्ये देऊन टाका. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच बनवा.

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या जोरात दाबा. पंपाचे टोक गरम का लागते? इंजिनातील दाबाशी त्याचा संबंध जोडा.

२. पाणी भरलेल्या झाकणबंद डब्याला आधी एक आणि मग दुसरे भोक पाडून धार पाहा.

३. यंत्राची दोरी ४० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढते आणि मिनिटाला ६००० फेरे घेते. टोकाचा वेग किती? उत्तर ताशी सुमारे ४५० किलोमीटर यायला हवे. आता सांगा, यंत्र चालू असताना जवळ का जाऊ नये आणि चालवणाऱ्याने चष्मा व बूट का घालावेत?

घरातली सायकल, पंप किंवा शिवणयंत्र अडून बसेल, तेव्हा लगेच पाना उचलू नका. एका वहीत लिहा: याला चालायला काय काय लागते? त्यातले काय आहे हे मी कसे पारखीन? प्रत्येक पारखीनंतर एक शंका खोडा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वहीत शेवटी जी शंका खोडली जाणार नाही, तीच बहुधा तुमचे उत्तर असेल.