लोखंडाचे पट्टे: घडण आणि बदल

पट्टित लोहखडक म्हणजे काय? लोहखनिज आणि सिलिका यांचे आलटून-पालटून साचलेले थर. पट्टा कुठे मिलिमीटरभर, कुठे कित्येक सेंटीमीटर जाड. लोह साधारण ३० टक्के.

वय: बहुतेक साठे ३.८ ते १.८ अब्ज वर्षांपूर्वीचे. ग्रीनलंडमधला इसुआ अतिप्राचीन. पश्चिम ऑस्ट्रेलियातला हॅमर्सली सुमारे २.५ अब्ज वर्षांचा.

घडण: प्राणवायूविना असलेल्या समुद्रात लोह विरघळलेलं राहत असे. ऑक्सिडीकरण झालं की ते गाळ होऊन तळाशी बसे. यात सूक्ष्मजीवांचा हात नेमका किती, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

बदल: आज दिसणारी खनिजं बहुतांशी मूळची नव्हेतच.

• गाळ खोल गाडला गेल्यावर त्यातून हेमॅटाइट, मॅग्नेटाइट, सिडेराइट तयार झाले.
• उष्णता आणि दाबाने चर्टचे, म्हणजे सूक्ष्मकणी सिलिकेचे, कण मोठे होऊन भरड क्वार्ट्झ बनलं.
• पुढे मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट झालं, तरी स्फटिकाचा आठ पैलूंचा आकार कायम राहतो. हाच मार्टाइट.
• पाण्याच्या संपर्कात गोएथाइट, पिवळट-तपकिरी.

ओळखायचं कसं? चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासावं. मॅग्नेटाइटची (लोह ७२.४ टक्के) रेघ काळी, शिवाय ते लोहचुंबकाला चिकटतं. हेमॅटाइट (६९.९ टक्के) पोलादी करडं दिसलं, तरी रेघ तांबडीच.

गोव्यात: डिचोली, सांगे भागात झिरपत्या पाण्याने सिलिका धुऊन नेली. जांभ्याच्या टोपीखाली उरलं ते लोहाने समृद्ध, बरंचसं भुसभुशीत खनिज. गडचिरोलीतल्या सूरजागडचं खनिजही अशाच पट्टित खडकांतलं.