वास्त्यांची भाजी लिहायची कशी?

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) मराठी पाककृतीला वाटी-चमच्याचं माप दिलं. नव्या सुनेला परगावीही जमेल अशी ती शैली: आधी साहित्य, मग कृती, फाफटपसारा नाही. दुर्गा भागवतांच्या ‘खमंग’मध्ये पदार्थासोबत माणसं येतात, आठवणी येतात. वाचायला मला हेच पुस्तक आवडतं; स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र ‘रुचिरा’च लागते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या बाजूला पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खातात. ही भाजी बहुधा तोंडी सांगितली जाते: सोला, बारीक चिरा, उकडा, पाणी फेका, मग कांदा-मिरचीवर परता. मापं नाहीत, कारण ऐकणारी बाई शेजारीच चुलीपाशी असते. लिहिताना मात्र ‘पाणी फेका’ एवढ्यावर भागत नाही. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. उकडून पाणी टाकल्यावर ती बरीच कमी होतात, कडवटपणाही जातो. मुंबईत वाचणाऱ्याला हे कोण सांगणार? मीठ चवीनुसार चालेल, उकडणं चवीनुसार नाही. आठवणी कितीही रंगवा, पण ही ओळ त्यांच्या आधी यावी.