दिव्याकडे न येणारा पतंग

पतंग म्हणजे रात्र, दिवा आणि मळकट पंख, हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या बंगल्याच्या बागेत भर उन्हात फुलासमोर अधांतरी थांबून सोंड खुपसणारा सेफोनोडिस हायलस हा पतंग कुणाला भुंगा वाटतो, तर कुणाला हमिंगबर्ड (तो पक्षी भारतात नाहीच!). हिरवट-पिवळं अंग, पोटावर तांबडा पट्टा, शेवटी काळा झुपका, काचेसारखे पंख. कोषातून निघतो तेव्हा त्याच्याही पंखांवर करडे खवले असतात. पहिल्या फडफडीतच ते झडतात.

याला ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवण्याची सवय जुनी आहे. लिनियसने १७५८ मध्ये खवलेदार पंखांच्या कीटकांचे तीन गट केले: फुलपाखरं, स्फिंक्स आणि बाकीचे पतंग. पुढे लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने दिवसाचे, संधिप्रकाशाचे आणि रात्रीचे अशी वाटणी केली. वेळेचा निकष टिकेना, म्हणून अभ्यासक मिशा पाहू लागले: गाठीच्या मिशा फुलपाखराच्या, इतर पतंगांच्या. हायलसच्या मिशा मात्र टोकाकडे जाडच होतात आणि वर आकड्यासारख्या वळतात. २०१९ मध्ये जनुकांवरून मांडलेल्या वंशवृक्षाने तर प्रश्नच उलटा केला. त्यानुसार फुलपाखरं निशाचर पूर्वजांपासून सुमारे ९.८ कोटी वर्षांपूर्वी दिवसाकडे वळली, आणि पतंगांच्या इतर शाखांनीही दिवस वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे गाठला. म्हणजे हायलस फुलपाखराची नक्कल करत नाही. फुलपाखरं हीच दिवसा उडणाऱ्या पतंगांची सर्वांत यशस्वी शाखा ठरते.

यावर कुणी म्हणेल, बहुसंख्य पतंग रात्रीचेच, मग मूठभरांसाठी एवढा खटाटोप कशाला? बहुसंख्य रात्रीचे, हे खरंच. पण ‘मूठभर’ हा आकडा येतो कुठून? पांढरा पडदा लावून दिव्यासमोर केलेल्या नोंदींतून बऱ्याच अंशी. तिथे मोजले जातात ते दिव्याला भुलणारे. दुपारी फुलपाखरं मोजणारा हायलसला पतंग म्हणून सोडतो, रात्री पतंग मोजणाऱ्याला तो क्वचितच दिसतो. दोन्ही याद्यांतून निसटलेल्याला दुर्मीळ ठरवणं हा पद्धतीचा दोष, प्राण्याचा गुण नव्हे.

कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी मोजणीचा हा गुंता अळ्या पाळून सोडवला. सहलेखक स्कॉट यांच्यासोबतचा त्यांचा या पतंगांवरचा १९३७ चा खंड अळी, खाद्यवनस्पती आणि कोष यांच्या तपशिलांनी भरलेला आहे. हायलसची अळी अनंताची पानं खाते, शेपटीवर शिंग मिरवते आणि कोष करायला जमिनीवर उतरते. गंगापूर रोडच्या बागांमध्ये याची मोजदाद करायची, तर पडदा आणि दिवा घरी ठेवून अनंताच्या पानांची मागची बाजू पाहिलेली बरी.